उपास सोडायची वेळ

अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या यागाच्या आदल्या दिवशी यजमानाने जेवावं की नाही, यावर शतपथ ब्राह्मणाच्या अगदी सुरुवातीलाच एक वाद आहे. उद्या सकाळी आपल्याला आहुती मिळणार हे देवांना आधीच कळतं आणि ते आदल्या दिवशीच यजमानाच्या घरी येऊन त्याच्याजवळ मुक्काम करतात, म्हणून त्या दिवसाला उपवसथ म्हणायचं, असं तिथं सांगितलं आहे. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. घरात पाहुणे बसलेले असताना त्यांच्याआधी आपण जेवून घेणं बरं दिसत नाही. अषाढ सावयस नावाच्या आचार्यांचं मत सरळ होतं: काहीच न खाणं हेच व्रत. याज्ञवल्क्यांना ते पटलं नाही. काहीच खाल्लं नाही तर ते पितरांचं कर्म ठरतं आणि खाल्लं तर देवांच्या आधी जेवल्याचा दोष लागतो. मग त्यांनी तोड काढली. ज्याची आहुती देत नाहीत ते खावं, ते खाल्लं तरी न खाल्ल्यासारखंच. रानात आपोआप उगवलेलं, झाडाचं फळ. त्यावर बर्कु वार्ष्ण म्हणाले, मग माझ्यासाठी उडीद शिजवा, उडदाची कुठं आहुती देतात? ग्रंथकाराने ही वाट बंद केली. कडधान्य हे भाताला आणि जवाला जोड म्हणून असतं, तेव्हा तेही नको.

आपल्या फराळाचा इतका जुना कागद दुसरा नाही. अडीच हजार वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी एकादशीला भगर चालते का आणि वालाच्या शेंगा का चालत नाहीत, ही स्वयंपाकघरातली चर्चा त्याच वादाची शाखा आहे. फराळ हा शब्दही फलाहारावरूनच आला. या वादात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भूक किती सोसायची, हा तिथं प्रश्नच नाही. काय खायचं आणि कधी खायचं, एवढ्यावरच सगळा खल आहे. उपासाने शरीरातल्या ग्रंथींचं काय होतं, याचा शोध विज्ञानाने गेली पावणेदोनशे वर्षं घेतला आणि तोही बराच फिरून याच दोन प्रश्नांपाशी येऊन थांबला. ती वाट कशी गेली हे सांगण्यासाठी हा मागोवा.

उपवसथाचं पालीत उपोसथ झालं. मगधाचा राजा बिंबिसार याने बुद्धांना सुचवलं की इतर पंथांचे लोक अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमेला एकत्र जमतात तसं आपणही जमावं, आणि बुद्धांनी ते मान्य केलं, अशी कथा विनयपिटकात आहे. उपोसथाच्या दिवशी उपासक आठ शीलं पाळतो आणि त्यातलं एक म्हणजे विकाल भोजन टाळणं. दुपार टळली की जेवण नाही. आज महाराष्ट्रात पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जाणारी बौद्ध कुटुंबं हेच शील घेतात. जैनांकडे तोच शब्द पोसह, पौषध असा आला. त्यांच्या चौविहारात सूर्य मावळल्यानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. वर्षीतप करणारे तर सुमारे तेरा महिने एक दिवस उपवास आणि एक दिवस आहार असा क्रम ठेवतात, उपवासाच्या दिवशी फक्त उकळलेलं पाणी पितात आणि अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणं करतात.

हाच क्रम मराठी घरांत चातुर्मासातलं धारणं-पारणं म्हणून माझ्या आजीच्या पिढीला ठाऊक होता. एक दिवस धारणं, एक दिवस पारणं. एकभुक्त म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, नक्त म्हणजे दिवसभर न खाता फक्त रात्री जेवण, निर्जळी म्हणजे पाण्याचाही त्याग. या प्रकारांचा शास्त्रार्थ भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात मांडला आहे. पण ज्याने पंचांग कधी उघडलं नाही त्यालाही एवढं माहीत असतं की श्रावणी सोमवार संध्याकाळी सोडतात, संकष्टी चंद्रोदयाला आणि एकादशी दुसऱ्या दिवशी द्वादशीला. प्रत्येक उपासाला त्याचं स्वतःचं घड्याळ आहे आणि ते सूर्य-चंद्रांना बांधलेलं आहे.

रमजानच्या रोज्याचं घड्याळ सगळ्यांत काटेकोर. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स. ६२४ मध्ये, हे रोजे फर्ज, म्हणजे अनिवार्य, झाले. पहाट फुटल्यापासून सूर्यास्तापर्यंत अन्नही नाही, पाण्याचा थेंबही नाही. आपल्याकडे अधिक महिना घालून चांद्रवर्षाची सौरवर्षाशी गाठ घालतात, म्हणून आषाढी पावसाळ्यातच येते. हिजरी सनाला अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मुंबईत हिवाळ्यातला रोजा सुमारे साडेबारा तासांचा असतो, जूनमधला साडेचौदा तासांचा. लंडनच्या उन्हाळ्यात तो अठरा तासांवर जातो. कोकणातला एखादा मच्छीमार आयुष्यात दोनदा भर मे महिन्याच्या उन्हातले रोजे धरतो आणि दोनदा थंडीतले. शरीराच्या दृष्टीने ही दोन वेगळी व्रतं आहेत.

शरीराच्या बाजूने उपवासाकडे पाहणारी परंपराही आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला बाविसावा अध्याय लंघनाचा आहे. शरीर हलकं करणारे दहा उपाय तिथं मोजले आहेत आणि त्यांत उपवास आणि पिपासा, म्हणजे तहान सोसणं, हे दोन वेगवेगळे धरले आहेत. अन्न तोडणं आणि पाणी तोडणं यांचा शरीरावर होणारा परिणाम एकसारखा नाही, हे ज्या वैद्याने ओळखलं तो नीट पाहणारा असला पाहिजे. निर्जळी एकादशी आणि फराळाची एकादशी यांत काय फरक पडतो, हे सांगायला आजचा डॉक्टरही तिथूनच सुरुवात करील. कुणाला लंघन द्यायचं आणि कुणाला नाही, याचा विचारही तिथं आहे. लंघन हे सरसकट पुण्यकर्म म्हणून सांगितलेलं नाही.

ग्रंथींची गोष्ट मात्र युरोपात सुरू झाली आणि तिची सुरुवात उपाशी कुत्र्यांपासून झाली, हे फार थोड्यांना माहीत असेल. प्राण्याच्या रक्तातली साखर ही त्याने खाल्लेल्या अन्नातूनच येते, अशी तेव्हा समजूत होती. पॅरिसमध्ये १८४८ साली क्लोद बर्नार यांना दिसलं की कुत्र्याला नुसतं मांस खायला घाला किंवा उपाशी ठेवा, यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर असतेच. म्हणजे यकृत ती स्वतः सोडतं. १८५७ मध्ये त्यांनी यकृतातला साखरेचा साठा, ग्लायकोजेन, वेगळा काढून दाखवला. त्याआधी १८५५ मध्ये त्यांनी या प्रकाराला नाव दिलं होतं, अंतःस्राव. एखादा अवयव नळीवाटे काही बाहेर न सोडता थेट रक्तात सोडतो, ही कल्पना इथं जन्मली. यकृताची साखर म्हणजे आजच्या अर्थाने संप्रेरक नव्हे, पण अंतःस्रावी ग्रंथी हा शब्द उच्चारताना आपण बर्नारच्या उपाशी कुत्र्यांचंच देणं लागतो. हॉर्मोन हा शब्द यायला त्यानंतर पन्नास वर्षं लागली. तो स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केला आणि मराठीत आपण त्याला संप्रेरक म्हणू लागलो.

मधल्या काळात पॅरिसला प्रशियाच्या सैन्याने वेढा घातला. १८७०-७१ च्या त्या वेढ्यात शहरात अन्नाची टंचाई झाली आणि बुशार्दा या डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्यांच्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी होते आहे. उपाशी राहिल्याने मधुमेह दबतो, ही नोंद तिथली. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग इथं मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. दोष स्वादुपिंडात आहे एवढं कळलं, पण औषध हाती नव्हतं. मग न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बुशार्दांचीच वाट टोकापर्यंत नेली. मधुमेही मुलांना उपाशी ठेवायचं, साखर दिसेनाशी झाली की थोडं अन्न द्यायचं, साखर दिसली की पुन्हा उपास. एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी अकराव्या वर्षी आजारी पडली आणि तीन वर्षं अशी जगली. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरंटोला बँटिंग यांच्याकडे पोहोचली तेव्हा जवळजवळ पंधरा वर्षांच्या त्या मुलीचं वजन जेमतेम वीस किलो होतं. आदल्या वर्षी बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन सापडलं होतं. ते मिळाल्यावर ती १९८१ पर्यंत जगली.

या वळणावर मी थोडा थांबतो, कारण आजच्या प्रत्येक मधुमेही भाविकाचा प्रश्न इथं तयार झाला. इन्सुलिनच्या आधी उपास हा त्या रुग्णाला चार दिवस जास्त जगवणारा एकमेव उपाय होता. इन्सुलिन आल्यावर तोच उपास त्याच रुग्णाला घातक ठरू शकतो. निरोगी माणसाचं स्वादुपिंड पोट रिकामं झालं की इन्सुलिन कमी करतं. टोचून घेतलेल्या इन्सुलिनला पोट रिकामं आहे हे कळत नाही. ते आपलं काम करत राहतं आणि रक्तातली साखर धोक्याच्या खाली नेतं. स्वादुपिंडाला जबरदस्तीने इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचंही तसंच.

भुकेच्या अभ्यासाची दुसरी शाखा याच काळात वाढत होती. जिओव्हानी सुच्ची हा पैसे घेऊन लोकांसमोर उपाशी राहणारा माणूस. त्याने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सला लुईजी लुचियानी यांच्या देखरेखीखाली तीस दिवस उपास केला. १९१२ मध्ये माल्टाचे अगोस्टिनो लेव्हान्झिन बॉस्टनच्या प्रयोगशाळेत एकतीस दिवस फक्त ऊर्ध्वपातित पाण्यावर राहिले. रोज त्यांचं वजन, नाडी, श्वास, लघवी मोजली जायची आणि रात्री ते उष्णता मोजणाऱ्या बंद पेटीत झोपायचे. फ्रान्सिस बेनेडिक्ट यांचा त्यावरचा जाडजूड अहवाल १९१५ मध्ये आला. त्यात ग्रंथींबद्दल जवळजवळ काही नाही, कारण रक्तातली संप्रेरकं मोजण्याचं साधनच नव्हतं. ती इतक्या सूक्ष्म प्रमाणात असतात की रसायनशास्त्राच्या नेहमीच्या परीक्षांत सापडत नाहीत. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास किरणोत्सारी खूण लावून इन्सुलिन मोजण्याची रीत बसवली, तेव्हा कुठे उपाशी माणसाच्या ग्रंथी काय करतात हे आकड्यांत दिसायला लागलं.

मग पुढच्या चाळीसेक वर्षांत एकामागून एक गोष्टी उलगडल्या. बॉस्टनमध्ये जॉर्ज केहिल यांच्या गटाने पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या स्थूल रुग्णांच्या मेंदूला काय पुरतं ते तपासलं आणि १९६७ मध्ये दाखवून दिलं की साखर मिळेनाशी झाली की मेंदू चरबीपासून तयार होणाऱ्या कीटोनवर बराचसा भागवतो. १९७५ मध्ये थायरॉइडचं कोडं सुटलं. दीर्घ उपासात थायरॉइडचं टी-४ हे संप्रेरक टी-३ या कार्यक्षम रूपात बदलण्याऐवजी निष्क्रिय रूपात वळवलं जातं, म्हणजे शरीर स्वतःची आच मंद करतं. पीयूषिका ग्रंथीचं वाढसंप्रेरक उपासात वाढतं, प्रजननाची संप्रेरकं मंदावतात. १९९४ मध्ये चरबीतून येणारं लेप्टिन सापडलं, १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांना जठरात घ्रेलिन सापडलं. घ्रेलिन भूक चेतवतं आणि नेहमीच्या जेवणाच्या वेळेच्या जरा आधी चढतं. रोज एक वाजता जेवणाऱ्याला एक वाजता भूक लागते ती पोट रिकामं असल्यामुळे तर आहेच, पण ती सवयीची वेळ झाल्यामुळेही आहे. रोजे धरणारे सांगतात की पहिले तीन-चार दिवस जड जातात आणि मग दुपारची भूक उठेनाशी होते, त्याच्यामागे हे वेळेचं गणित असणार.

पण या सगळ्या ज्ञानात एक मोठी फट राहिली होती. यांतले बहुतेक प्रयोग आठवडेच्या आठवडे उपाशी ठेवलेल्या माणसांवर झाले होते. जगातले कोट्यवधी लोक असा उपास करत नाहीत. ते सकाळी धरतात आणि संध्याकाळी सोडतात. त्यांच्या शरीराला लेव्हान्झिनच्या शरीराचे नियम लावणं चूक होतं आणि बरीच वर्षं ती चूक होत राहिली. आजही व्यासपीठावरून उपासाचे फायदे सांगणारे आणि तोटे सांगणारे, दोघेही अनेकदा दीर्घ उपासाचेच दाखले देतात. १९९४ च्या जानेवारीत मोरोक्कोतल्या कासाब्लांका इथं राजे हसन दुसरे यांच्या नावाच्या वैद्यकीय प्रतिष्ठानाने रमजान आणि आरोग्य या विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. त्यानंतर रोज्याचा अभ्यास रोजा म्हणून होऊ लागला.

चौदा तासांत नेमकं काय होतं? पहाटेच्या सहरीनंतर, म्हणजे रोजा धरण्याआधीच्या जेवणानंतर, दोन-तीन तास अन्न पचत असतं, इन्सुलिन चढलेलं असतं. मग ते उतरतं आणि स्वादुपिंडातलंच ग्लुकागॉन चढतं. ग्लुकागॉनच्या सांगण्यावरून यकृत साठवलेलं ग्लायकोजेन फोडून साखर सोडतं, बर्नारना दिसलेली तीच साखर. हा साठा साधारण बारा ते चोवीस तास पुरतो. तो संपत आला की चरबीवरचा भार वाढतो आणि कीटोन दिसू लागतात. म्हणजे मुंबईतला रोजा सुटतो तेव्हा शरीर त्या उंबरठ्यावर नुकतंच आलेलं असतं. थायरॉइडची आच मंद होण्याइतका हा काळ लांबत नाही. निरोगी माणसांच्या थायरॉइड संप्रेरकांत रमजानमध्ये दिसणारे बदल छोटे असतात आणि बहुधा सामान्य मर्यादेतच राहतात. पाण्याविना दिवस जातो तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका व्हॅसोप्रेसिन जास्त सोडते, मूत्रपिंडं पाणी राखून धरतात, लघवी गडद आणि थोडी होते. सूर्यास्ताला पाणी मिळालं की हे निवळतं.

खरा बदल दिसतो तो वेळापत्रकात. अधिवृक्क ग्रंथींचं कॉर्टिसॉल एरवी पहाटे चढतं आणि रात्री तळाला जातं. फ्रान्समध्ये दहा निरोगी तरुणांच्या रक्ताचे नमुने रमजानच्या आधी आणि रमजानच्या तेविसाव्या दिवशी चोवीस तास घेतले गेले. २००१ मध्ये आलेल्या त्या अहवालात कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन यांच्या चढण्याच्या वेळा सरकलेल्या दिसल्या, संध्याकाळचं प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं आणि रात्रीचं मेलॅटोनिन कमी झालेलं. मेलॅटोनिन पिनियल ग्रंथी अंधारात सोडते आणि ते शरीराला रात्र झाल्याची वर्दी देतं. माझं मत असं की धार्मिक उपासाच्या ग्रंथीविज्ञानातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. एवढ्या थोड्या तासांत ग्रंथी झिजत नाहीत आणि त्यांची कसली शुद्धीही होत नाही. त्यांची वेळ हलते. रात्री जेवण, रात्री जागरण, तुटक झोप, यांचा वाटा त्यात पोट रिकामं राहण्याइतकाच असतो.

मग संकष्टीचा विचार करा. दिवसभर साबुदाणा आणि रात्री नऊ-साडेनऊला चंद्रोदयानंतर मोदकांसह पोटभर जेवण. एकच ताट सकाळी जेवलं तर साखर जितकी चढते त्यापेक्षा रात्री जास्त चढते, कारण रात्री स्वादुपिंड संथ असतं. उलट सूर्यास्ताआधी ताट उचलून ठेवणाऱ्या चौविहाराच्या बाजूने २०१८ चा एक अमेरिकन प्रयोग उभा राहतो. त्यात मधुमेहाच्या काठावर असलेल्या पुरुषांनी पाच आठवडे दिवसाचं सगळं खाणं सहा तासांत आणि दुपारी तीनच्या आत संपवलं. वजन न घटताही त्यांचं शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागलं. प्रयोग पूर्ण करणारे आठच जण होते, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. पण उपासाच्या तासांइतकाच तो सोडायचा तास महत्त्वाचा, ही दिशा त्यातून स्पष्ट दिसते.

आणि ताटात काय? साबुदाणा हा शब्द मलय भाषेतल्या सागूवरून आला, मूळ सागूच्या ताडाचा. आपण खातो तो मात्र टॅपिओकाच्या कंदाचा असतो आणि तो कंद दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांतून आला. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियाकडून येणारा माल बंद झाला आणि तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात त्याचे कारखाने वाढले. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, राजगिरा हे सगळेही अमेरिका खंडांतले. ज्याची आहुती देतात ते नको, एवढीच याज्ञवल्क्यांची चाळणी. तिच्यातून हे नवे पाहुणे अलगद खाली उतरले, कारण यज्ञाच्या काळी ते इथं नव्हतेच. नियम अक्षरशः पाळला गेला आणि उपासाचं ताट पार बदललं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट, तो साखर झपाट्याने चढवतो. सकाळी खिचडी, दुपारी वडे, चहाबरोबर चिवडा, अशी एकादशी झाली तर स्वादुपिंडाला रोजच्या भाजी-भाकरीच्या दिवसापेक्षा जास्त राबावं लागतं. याज्ञवल्क्यांच्या फळावर ती पाळली तर गोष्ट वेगळी.

महाराष्ट्रात इन्सुलिन हा शब्द चाळीपासून शेतापर्यंत पोहोचवण्याचं श्रेय डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांना आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळा जेवण्याच्या मोहिमेला आहे. प्रत्येक खाण्यागणिक इन्सुलिन सुटतं, ही गोष्ट त्यांनी सामान्य माणसाच्या भाषेत सांगितली. आहारतज्ज्ञांचे त्यावर आक्षेप आहेत आणि सगळ्यांना एकच नियम लावणं मलाही मान्य नाही. तरीही सारखं तोंड चालू ठेवण्याबद्दल लोक विचार करू लागले, हे मोलाचं आहे. याउलट दर एकादशीला मोबाइलवर फिरणारा नोबेलचा संदेश मात्र थांबायला हवा. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं पारितोषिक मिळालं ते पेशी आपलेच जुने भाग कसे मोडून वापरतात, याची यंत्रणा यीस्टमध्ये उलगडल्याबद्दल. एकादशी केल्याने कर्करोग टळतो, असं त्यांच्या कामात कुठेही नाही.

माझ्या वडिलांना मधुमेह होता आणि संकष्टी त्यांनी कधी चुकवली नाही. एका श्रावणात सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, दिवसभर फक्त चहा आणि एक केळं झालं. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ यायला तासभर होता. ते झोपाळ्यावर बसले होते आणि त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणं तुटक झालं. आईने चमचाभर साखर तोंडात घालायला घेतली तर त्यांनी मान फिरवली, चंद्र दिसायचा होता. आईने ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळलं की गेली नऊ वर्षं ते महिन्यातून एकदा दिवसभर उपाशी राहतात, हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं.

रोज्याच्या बाबतीत या जोखमीचं मोजमाप झालेलं आहे. तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेहींची २००१ मध्ये पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या शंभरातल्या ७९ जणांनी आणि पहिल्या प्रकारच्या ४३ जणांनी किमान पंधरा रोजे धरले होते. साखर धोकादायक पातळीवर घसरण्याचे प्रसंग रमजानमध्ये पहिल्या प्रकारात ४.७ पट आणि दुसऱ्या प्रकारात ७.५ पट वाढले होते. त्यानंतर डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका तयार झाल्या. २०२१ च्या मार्गदर्शिकेत मधुमेहाचा प्रकार, औषधं, पूर्वीचे साखर घसरण्याचे प्रसंग, मूत्रपिंडं, गर्भारपण अशा बाबींना गुण देऊन जोखीम ठरवली जाते आणि सहाच्या वर गुण गेले तर रोजा धरू नये असं सांगितलं जातं. आजारी माणसाने आणि प्रवाशाने रोजे नंतर पूर्ण करावेत, ही मुभा कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातच आहे. त्यामुळे तिथं डॉक्टर आणि मौलवी एकाच बाजूला उभे राहू शकतात.

हेच काम आपल्या घरांत संकष्टी, एकादशी आणि नवरात्राच्या आधी व्हायला हवं. तुम्ही इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल, अधिवृक्क ग्रंथींच्या विकारासाठी हायड्रोकॉर्टिसोन घेत असाल, थायरॉइडची गोळी कधी घ्यावी हे बदलावं लागणार असेल, किंवा पोटात बाळ असेल, तर उपासाच्या दिवशी नव्हे, त्याच्या दोन-चार आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. कोणता उपास करता, पाणी पिता की नाही, काय खाता आणि किती वाजता सोडता, हे न विचारता स्वतःहून सांगा. उपासात घाम सुटला, हात थरथरले, नजर धूसर झाली किंवा बोलणं अडखळलं, तर चंद्राची वाट न पाहता साखर तोंडात घाला.